बोट ठेव, मग वाच

आमच्या शाळेतल्या पहिलीच्या बाईंना कोणी नावं ठेवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी कुणाची बाजू घेते आहे का असा संशय कोणाला यायला नको. मी घेतेच आहे. मी दुसरीला शिकवते. पहिली आणि दुसरीच्या मध्ये भिंत नाही, लाकडी पार्टिशन आहे. त्याच्या वर छतापर्यंत हातभर फट आहे, आणि त्या फटीतून बाईंचा आवाज इतकी वर्षं माझ्या वर्गात येत आला की माझ्या मुलांना तो शाळेच्या घंटेइतकाच ओळखीचा होता.

"बोट ठेव! बोट ठेवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही!"

यावरूनच त्यांना बोटवाल्या बाई म्हणतात. मुलं म्हणतात, पालक म्हणतात, शिपाईसुद्धा म्हणतो. पुस्तक उघडलं की उजव्या हाताचं बोट पहिल्या शब्दाखाली, शब्द वाचून झाला की बोट पुढच्या शब्दाखाली. बोट पुढे आणि तोंड मागे, किंवा तोंड पुढे आणि बोट मागे, दोन्ही चालत नाही. बाकीच्या वर्गांत "हाताची घडी, तोंडावर बोट" असं चालतं. बाईंना ती आज्ञा सहन होत नाही. नव्याने लागलेल्या एका मॅडमनी एकदा बाई जरा बाहेर गेल्या असताना पहिलीला तसं बसवलं, तर बाई दारातूनच ओरडल्या, "तोंडावर बोट ठेवून आजवर कोण वाचायला शिकलंय? ते बोट काढा तिथून आणि पुस्तकावर ठेवा!"

ही सवय त्यांच्या वडिलांची. ते छापखान्यात छापण्याआधीची पानं तपासायचे. हातात एक जाड सुई असायची, ती प्रत्येक शब्दाखाली टेकवत ओळ पुढे न्यायची. बाई लहान असताना वाचताना ओळीच्या ओळी गाळायच्या, आणि वर्गात सगळे हसायचे. वडिलांनी लेकीचं बोट धरलं आणि सुईच्या जागी टेकवलं. "डोळा चोर असतो गं," ते म्हणायचे, "नको तो शब्द टाकून पळतो. त्याला धरायला बोट लागतं." महिनाभरात गाळणं थांबलं. बाईंनी तेवढी एक गोष्ट वडिलांकडून घेतली आणि तिच्यावर सगळी नोकरी काढली.

त्या गोड वगैरे अजिबात नाहीत. राग नाकाच्या शेंड्यावर. पण मुलं त्यांना घाबरत नाहीत, कारण चुकलेल्या अक्षरावर चिडलेल्या बाई मूल रडायला लागलं की लगेच त्याचं नाक पुसतात, आणि नाक पुसता पुसता पुन्हा अक्षरावर चिडतात. दरवर्षी त्यांची मुलं माझ्याकडे दुसरीत येतात तेव्हा ती वाचत येतात. मला फुकटचं श्रेय मिळतं. मी ते घेतेही.

मग शाळेत टॅब आले.

प्रत्येक मुलाला एक, आणि वर्गात मोठा स्क्रीन. स्क्रीनसाठी अर्धा फळा काढला. हॉलमध्ये आम्हा सगळ्यांना बसवून प्रशिक्षण झालं. टॅब देणाऱ्या कंपनीचा एक ट्रेनर आला होता, कडक इस्त्रीचा शर्ट आणि तोंडात एकच वाक्य: "सिंपल आहे." मुलं टॅबवर धडा उघडतील, सिंपल आहे. बरोबर उत्तर आलं की हिरवा ठिपका, चुकलं की लाल, सिंपल आहे. सगळे ठिपके इंटरनेटवरून ऑफिसबाहेरच्या स्क्रीनवर दिसतील.

बाईंनी हात वर केला. "मूल चुकलं तर हे काय करतं?"

"लाल दाखवतं."

"आणि मग?"

"मग तुम्हाला कळतं ना मॅडम, की लाल आहे."

बाई खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "एवढं तर मला पोराचं तोंड बघूनही कळतं." त्या हळू आवाजात बोलल्या होत्या, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. बाईंना मोठ्या स्क्रीनवर पासवर्ड टाकायचा होता. इतकी वर्षं फळ्यावर लिहिताना प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायची सवय, आणि मुलांना ते मागोमाग म्हणायची सवय. बाईंनी पासवर्डचं एकेक अक्षर म्हणत म्हणत दाबलं आणि सगळ्या वर्गाने बेंबीच्या देठापासून तो मागून म्हटला. पार्टिशनच्या फटीतून माझ्याही मुलांनी म्हटला. मधली सुट्टी व्हायच्या आत तो चौथीपर्यंत पोचला, आणि सुट्टीनंतर स्क्रीनवर बाईंच्या फोटोच्या जागी म्हैस होती. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, पासवर्ड गुप्त असतो हे तुम्हाला माहीत नाही?" लोक हसले. मीही हसले होते, कारण म्हैस खरंच छान निवडली होती. पण बाईंचे कान लाल झालेले पाहिले आणि माझं हसू गेलं.

त्यानंतर ठिपके. दर शुक्रवारी ऑफिसबाहेर प्रत्येक वर्गाची पट्टी दिसायची. तिसरी हिरवी, चौथी हिरवी, माझी दुसरी अर्धीअधिक हिरवी. पहिली लालभडक. येणारे-जाणारे पालक थांबून बघायचे. ज्या बाईंनी त्यांतल्या काहींना स्वतःला वाचायला शिकवलं होतं, त्यांच्याच वर्गाकडे बघून ते च्च च्च करायचे.

मोठे सर माणूस म्हणून वाईट नाहीत, असं म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. मी म्हणणार नाही. त्यांनी बाईंना बोलावलं, मी चहाचा कप परत ठेवायच्या निमित्ताने तिथेच होते, आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, "वर्ष संपता संपता संस्थेचे लोक आणि पाहुणे वर्ग बघायला येणारेत. तोवर पहिली हिरवी झाली नाही, तर वर्ग नव्या मॅडमकडे देऊ. तुम्ही स्टोअर सांभाळा. आराम मिळेल तुम्हाला."

"आराम मागितलाय कोणी?" बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर जिन्यात त्या थांबल्या. "पहिली गेली तर मी काय करू गं? मला दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही नकोय."

त्या हरायला तयार नव्हत्या. त्या शिकायला बसल्या, आणि शिकायला बसल्या कुणाकडे, तर सुनेकडे. सून एका ऑफिसात फोनवर लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी सोडवते. दिवसभर "आता डावीकडे काय दिसतंय" हे विचारून विचारून घरी आल्यावर तिला कोणाशी बोलावंसं वाटत नाही, आणि सासू-सुनेत तसंही जेवण झालं का यापुढे फारसं बोलणं नव्हतं. मी पलीकडच्याच गल्लीत राहते, त्यामुळे या शिकवण्या मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पाहिल्या आहेत.

"आई, घाई नको. आधी काय लिहिलंय ते वाचा, मग दाबा."

"हे मी दिवसभर पोरांना सांगते!"

"मग आता स्वतःला सांगा. काय लिहिलंय?"

"इतकं बारीक लिहिलंय, कोण वाचेल?"

"मोठं करा. कसं करायचं ते काल सांगितलं होतं. नाही, मी करणार नाही. तुम्ही करा."

बाई तणतणल्या, उठल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा येऊन बसल्या. मग त्यांनी मोठं करून दाखवलं. सून म्हणाली, "हं. पुढे." अगदी त्याच सुरात, ज्या सुरात बाई म्हणतात. दोघींच्याही ते लक्षात आलं नाही. मी हसू दाबलं.

काही आठवड्यांत त्या इंटरनेटवर हवं ते शोधायला शिकल्या, चित्र उतरवून घ्यायला शिकल्या, आवाज रेकॉर्ड करायला शिकल्या. तिसरीच्या बाईंचा स्क्रीन अडला की त्या आता यांना बोलवायच्या. पण पट्टी लालच. हे कोडं काही सुटेना. मुलं पुस्तकातून वाचत होती, मी स्वतः ऐकत होते, आणि टॅब म्हणत होता की त्यांना ओ की ठो येत नाही.

कोडं सुटलं ते भोंग्यामुळे. भोंगा म्हणजे शाळेच्या गाडीच्या ड्रायव्हरची मुलगी. एवढीशी, पण आवाज असा की वडिलांना हॉर्न वाजवायची गरज नाही, म्हणून हे नाव. वडील मात्र तोंडातल्या तोंडात बोलणारे. शाळेची कुठलीही सूचना हातात पडली की माझ्याकडे यायचे. "बाई, चष्मा घरी राहिला. काय लिहिलंय जरा सांगता?" मी सांगायचे. त्यांना चष्मा लावलेला मी कधी पाहिला नव्हता, पण त्यावर विचार करायला मला कधी सवड झाली नाही.

मधल्या सुट्टीत बाईंनी भोंग्याला टॅब देऊन बसवलं आणि आम्ही दोघी मागे उभ्या राहिलो. स्क्रीनवर वाक्य आलं: मांजर दूध पिते. खाली दोन चित्रं. वाचायचं आणि बरोबर चित्राला हात लावायचा. भोंग्याने काय केलं? जे तिला शिकवलं होतं ते. पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

टॅब खेकसला. लाल ठिपका.

तिने हात मागे घेतला. पुढचं वाक्य आलं. तिने पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा तोच आवाज, पुन्हा लाल. वाक्य वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा जायच्या आत काचेला बोट लागलं, तर त्या यंत्राची समजूत अशी की पोराने न वाचता अंदाजाने दाबलं. अख्ख्या शाळेत बोट ठेवून वाचणारा एकच वर्ग होता, आणि तेवढाच वर्ग त्याच्या लेखी न वाचणारा ठरला होता.

तिसऱ्यांदा टॅब खेकसला तशी भोंगा वळली आणि तिच्या त्या आवाजात ओरडली, "बाई, हे मला वाचूच देत नाही!"

आम्ही दोघी तशाच मोठ्या सरांकडे गेलो. सरांनी ट्रेनरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बाईंनी सगळं नीट सांगितलं. पलीकडून आवाज आला, "मॅडम, यात सिस्टीमचा दोष नाही. वापरणाऱ्यांची चूक आहे."

"वापरणारे कोण?"

"मुलं."

"ज्यांचे अजून दुधाचे दात पडतायत, ती?"

"पुढच्या अपडेटमध्ये बघू आम्ही. तोवर मुलांना सांगा, हाताची घडी घालून वाचायचं. सिंपल आहे."

"आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!" बाई फोनवर ओरडल्या. सरांनी स्पीकर बंद केला. मग आपल्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "बाई, एका बोटासाठी एवढा हट्ट? काढा ना ते बोट." माझ्या हातात त्या वेळी काही जड नव्हतं हे बरं झालं.

आणि बाईंनी बोट काढलं. यावरून मी त्यांच्याशी भांडले. व्हरांड्यात, मुलांसमोर, नको इतक्या मोठ्याने. "तुम्ही पण?" मी म्हटलं. "मग आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"वर्ग राहू दे गं माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "वर्ग राहिला तर बोट नंतर परत आणता येईल. वर्गच गेला तर कोणाला शिकवू, स्टोअरमधल्या खडूंना?"

दुसऱ्या दिवसापासून फटीतून वेगळं ऐकू यायला लागलं. "हाताची घडी." त्यांच्या तोंडून ते ऐकताना मला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. पहिली हळूहळू हिरवी झाली. आधी कडेकडेने, मग मधून, मग सगळी. शाळेच्या ग्रुपवर सरांनी टाळ्यांची रांग पाठवली, आणि ज्यांनी म्हशीवर हसून घेतलं होतं त्यांनीही टाळ्या पाठवल्या. मी पाठवल्या नाहीत.

मग एका सकाळी माझ्या वर्गात वरून डस्टर येऊन पडला. पार्टिशनच्या फटीतून आला आणि माझ्या टेबलावर धूळ उडवत आदळला. माझ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. डस्टरच्या मागोमाग बाई आल्या, तोंड लालबुंद. "चल," म्हणाल्या. "ऐक."

भोंगा उभी होती. समोर छापील पुस्तक, दोन्ही हात घडी घालून काखेत. चित्रात दाराशी कुत्रा बसलेला. खाली लिहिलं होतं: कुत्रा दाराशी बसला. भोंगा खणखणीत आवाजात वाचत होती, "कुत्रा घर राखतो."

"कुठं लिहिलंय तसं?" बाईंनी विचारलं.

"चित्रात."

"आणि टॅबवर कसं वाचतेस? सगळं हिरवं येतं ना तुझं?"

भोंग्याने अभिमानाने सांगितलं. टॅबवर सोपं असतं. हाताची घडी घालायची, मनात दहापर्यंत म्हणायचं, मग एक चित्र दाबायचं. चुकलं तर परत विचारतो, मग दुसरं दाबायचं, की लालचं हिरवं होतं. हे सगळ्या वर्गाला येत होतं. एकमेकांना त्यांनी शिकवलंही होतं. वाक्याकडे कोणी बघत नव्हतं. यंत्राला मुलं वाचतात असं वाटावं एवढंच मुलं शिकली होती, आणि ती हुशार होती म्हणून पटकन शिकली होती.

बाई परत माझ्या वर्गात आल्या आणि एका छोट्या बाकावर गुडघे वर करून बसल्या. रडल्या असत्या तर मी समजूत घातली असती. त्या रडल्या नाहीत. "त्या ट्रेनरवर राग आहे, सरांवर आहे," त्या म्हणाल्या, "पण घडी घाला असं सांगणारं तोंड माझं होतं. मी शिकवलेलं मीच पुसलं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला तर गालभर खडू. "आता मी हे यंत्रच शिकवते त्यांना. बोटाने."

त्या संध्याकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सासू-सून दोघी कामाला बसल्या. सुनेने कुठूनसं फुकटात आपलं आपलं पान बनवून इंटरनेटवर टाकायची सोय शोधली. अवघड भाग तिने केला, बाकीचं बाईंकडून करून घेतलं, ओरडून ओरडून. पान साधं होतं. मोठ्या अक्षरात एक ओळ. शब्दाखाली बोट ठेवलं की तो शब्द गडद व्हायचा. बोट क्रमाने पुढे गेलं की पुढचा शब्द गडद. एखाद्या शब्दावर बोट अडून राहिलं की आवाज तो शब्द म्हणून दाखवायचा. शब्द गाळून उडी मारली की आवाज अडवायचा. आणि आवाज बाईंचा.

"आई, जरा गोड आवाजात म्हणा," सून रेकॉर्ड करताना म्हणाली.

"गोड आवाज माझ्याकडे नाही."

"निदान हळू तरी."

बाईंनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "पळायचं नाही! मागं ये!" शेजारच्यांचं खिडकीतून डोकं बाहेर आलं. सुनेने तेच ठेवलं. ओळ पूर्ण झाली की तो आवाज फक्त म्हणायचा, "हं. पुढे." याहून जास्त कौतुक बाईंनी आयुष्यात कोणाचं केलेलं नाही.

पहिलीत बोट परत आलं. आठ-पंधरा दिवस मुलं दहापर्यंत मोजून बघत राहिली, आणि बाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज आणि बाईंचा खरा आवाज दोन्हीकडून त्यांच्यावर ओरडत राहिले. मग ती वाचायला लागली. पण कंपनीचे धडे कोणी उघडेना, म्हणून ऑफिसबाहेरच्या स्क्रीनवर पहिलीची पट्टी ना लाल ना हिरवी, राखाडी झाली. सरांनी दोनदा समज दिली. बाई दोन्ही वेळा म्हणाल्या, "पाहुण्यांना वाचून दाखवते ना. मग बोला."

पाहुणे आले. बाईंनी मोठ्या स्क्रीनवर कंपनीचं नाही, आपलं पान उघडलं. सर दारातून डोळ्यांनी खुणा करत होते, बाईंनी तिकडे पाठ केली. भोंगा स्टुलावर चढली, स्क्रीनवर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. मधेच एक शब्द गाळून पुढे गेली, तशी भिंतीवरच्या स्पीकरमधून गर्जना झाली, "पळायचं नाही! मागं ये!" आणि संस्थेचे अध्यक्ष एक पाऊल मागे सरकले. भोंगा हलली नाही. मागे आली, गाळलेला शब्द वाचला, आणि पान शेवटपर्यंत वाचून खाली उतरली. मग बाकीची मुलं एकेक करून. पाहुण्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते पुसलं नाही.

सोमवारी सरांनी बाईंना बोलावलं. मी यावेळी कप वगैरे घेतला नाही, सरळ त्यांच्याबरोबर आत गेले.

"पाहुणे फार खूश झाले," सर म्हणाले. "तुमचं कॉम्प्युटरचं ज्ञान पाहून मीही थक्क झालो. तेव्हा असं ठरलंय, की पुढच्या वर्षापासून कॉम्प्युटर रूम तुमच्याकडे. पहिली नव्या मॅडम बघतील."

बाईंना क्षणभर समजलंच नाही. "पण पोरं वाचली ना, सर."

"वाचली. पण पट्टी राखाडी आहे बाई. वर रिपोर्ट पट्टीचा जातो. आणि ते तुमचं पान बाहेरचं आहे, शाळेच्या इंटरनेटवर ते आता चालणार नाही. मी तुमची चूक कुठे म्हणतोय? बढती समजा."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी बोलले, काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. त्यातलं एक वाक्य असं होतं की पट्टीला शाळेत बसवा आणि मुलांना घरी पाठवा. सर म्हणाले, "तुम्ही दुसरीचं बघा." बाई काही बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याबद्दल मी मोठ्या सरांना कधीही माफ करणार नाही.

आता बाई वरच्या मजल्यावर असतात. लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देतात, निघालेल्या वायरी खोचतात. फटीतून नव्या मॅडमचा आवाज येतो, गोड आहे, त्या बिचारीचा दोष नाही, तिला जे सांगितलंय ते ती करते. पहिली हिरवीगार आहे. पुढच्या वर्षी ती मुलं माझ्याकडे येतील, मनात दहापर्यंत मोजत.

परवा शाळा सुटल्यावर मी पटांगणातून निघाले होते. शाळेची गाडी झाडाखाली उभी होती, मुलं अजून यायची होती. आणि गाडीतून आवाज आला, "पळायचं नाही! मागं ये!"

मला वाटलं बाई खाली आल्या आणि कोणालातरी गाडीत धरून झापतायत. मी खिडकीशी गेले. ड्रायव्हर स्टिअरिंगला मोबाईल टेकवून बसले होते, आणि त्यांचं ते जाड, ऑइलने काळं झालेलं बोट काचेवर एका शब्दाखाली होतं. बाजूच्या सीटवर भोंगा, आता माझ्या दुसरीतली, वडिलांच्या बोटावर नजर ठेवून.

"अडलं की थांबायचं," ती त्यांना सांगत होती. "बाईच सांगतात तो शब्द."

ड्रायव्हर थांबले. मोबाईलमधून बाईंनी शब्द सांगितला. "हो बाई," ते मोबाईलला म्हणाले आणि बोट पुढे सरकवलं. मग मान वर केली आणि मी दिसले. त्यांचा चेहरा असा झाला की मला जमिनीत जावंसं वाटलं. "पोरीचा अभ्यास बघत होतो," ते म्हणाले. "चष्मा..."

मी वर धावले. बाई कॉम्प्युटर रूमला कुलूप लावत होत्या. जिन्यातच त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल, जरा हसतील. त्या संतापल्या.

"इतकी वर्षं चष्मा विसरतोय, आणि मला कोणी सांगितलं नाही? तू रोज चिठ्ठ्या वाचून देत होतीस, तुला कळलं नाही?"

एवढं विचारून त्या खाली पोचल्याही होत्या. पटांगण त्यांनी जवळजवळ पळतच ओलांडलं, गाडीचं दार उघडलं, आणि ड्रायव्हर हातातला मोबाईल लपवायला बघत होते तर तो काढून घेतला.

"सरक गं पोरी. तुझं पुस्तक दे इकडे. आणि तुम्ही, हात समोर घ्या. लाजायचं ते नंतर लाजा. हं, बोट ठेवा. अहो, तिथं नाही, पहिल्या शब्दाखाली!"

आवाज पटांगणभर घुमला. गाडीत चढायला आलेली मुलं पायरीवरच थांबली. ड्रायव्हरनी बोट ठेवलं आणि, आजवर कोणी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात, पहिला शब्द वाचला.

"हं," बाई म्हणाल्या. "पुढे."

वर मोठ्या सरांनी खिडकी लावून घेतली.